पुढच्या वर्षी, घर, चित्र, बेडूक

१४ ऑगस्ट १९७९, मंगळवार

सकाळची ड्यूटी. हावड्याच्या गाडीतून सात नग उतरले. पाच कापडाचे गठ्ठे, एक सायकल, एक पत्र्याची पेटी. पेटीवर माझं नाव. पाठवणार, कलकत्त्याचा जपानी विहार. वजन अकरा किलो.

पार्सल रजिस्टरात माल देणाऱ्याची सही माझी, घेणाऱ्याचीही माझीच. पुंडलिकराव शेजारच्या टेबलावरून उठून आले. "एक मी करतो, भाऊ." मी म्हटलं, असू द्या.

सुगतची पेटी. पोराला जाऊन चार महिने झाले. कावीळ झाली होती. दहन तिकडेच, जपानात. अस्थी जूनमध्ये आल्या, सामान आज.

१५ ऑगस्ट

सुट्टी. पेटी उघडली. दोन शर्ट, एक स्वेटर, चष्मा, त्याच्या आईचा, पंचफुलाचा, फोटो. एक जाड डिक्शनरी — जपानी शब्द रोमन अक्षरांत, अर्थ इंग्रजीत. आणि एक वही.

पंचफुलाने स्वेटर नाकाशी धरला. मग घडी करून आपल्या लुगड्यांखाली ठेवला.

वहीत जपानी शब्द आपल्या अक्षरांत लिहिले आहेत. अर्थ कुठेच नाही. शाळेतही तो असाच होता, शब्द उतरवायचा, अर्थाची जागा कोरी. शेवटच्या पानावर एकच ओळ, मोठ्या अक्षरात:

राइनेन उची ए काएरु.

"काय लिवलं हाय?" तिने विचारलं.

पाहून सांगतो म्हटलं.

१९ ऑगस्ट, रविवार

इथे तरी लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी रेल्वेचा फॉर्म आणला होता. त्याने भरला नाही. विहाराच्या ओळखीने जपानला शिकायला जायचं म्हणाला. मी म्हटलं, "गेला तर या घरात पुन्हा पाय ठेवू नको." तो चपला घालत होता. "बरं," म्हणाला, बस. स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर, मी ड्यूटीवर तिथेच होतो. गाडी आली, गेली. मी पार्सल ऑफिसच्या बाहेर आलो नाही.

त्याची बाज मीच मागच्या पडवीत नेऊन भिंतीला उभी केली. उन्हाळ्यात पंचफुला तिच्यावर मिरच्या वाळवते.

पत्रं आईच्या नावाने यायची. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून मीच दाखवायचो. त्यात मी कुठे नसायचो. येण्याबद्दलही काही नसायचं. तिने दर वेळी विचारायचं, "कवा येतो म्हणते?" आणि मी म्हणायचो, लिहिलं नाही.

त्याच्या मनात परत यायचं होतं की नाही, एवढंच मला कळायला पाहिजे.

२१ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात डिक्शनरी काढली. 'राइ'ला आधी आर-वाय पाहिलं, मग आर-ए-आय. सापडलं. राइनेन — पुढचं वर्ष.

पुंडलिकराव म्हणाले, "काय भाऊ, जपानले बदली मागून राह्यले का?" मग कुणाचं पुस्तक आहे ते त्यांच्या लक्षात आलं. दोन मिनिटांनी माझ्यासाठी चहा घेऊन आले.

२२ ऑगस्ट

उची — घर. आतली बाजू. आपली माणसं.

एवढ्याशा शब्दाला तीन अर्थ.

२४ ऑगस्ट

ए — चित्र. काएरु — बेडूक.

पुन्हा पुन्हा पाहिलं. बेडूकच.

संध्याकाळी पंचफुलाने विचारलं, "काय निंगालं?" मी सांगितलं. पुढच्या वर्षी, घर, चित्र, बेडूक.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "पुढच्या साली घरात बेंडूक? हे लिवाले गेलता का पोरगा इतक्या दूर?" आणि हसली. एप्रिलपासून पहिल्यांदा. हसता हसता पदर तोंडावर घेतला आणि मग हसत नव्हती.

"नीट पाहा तुमी," म्हणाली. "तो असा येडा नोता."

२५ ऑगस्ट

मीच येडा. काएरु एकदा नाही, चार वेळा आहे. एकाखाली एक, वेगळे शब्द. मी पहिल्यावरच थांबलो. बेडूक. बदलणे. अंड्यातून बाहेर येणे. आणि — परत जाणे, परत येणे.

'ए'च्या खालीही आणखी 'ए' आहेत. शेवटच्याचा अर्थ — कडे.

पुढच्या वर्षी घराकडे परत येईन.

हात धुऊन आलो आणि पुन्हा वाचलं.

तिला सांगितलं. ती चुलीजवळ होती. भाकरी तव्यावर राहिली, करपली. "मले म्हाईत होतं," एवढंच म्हणाली. मग उठून शेजारी शकुबाईकडे सांगायला गेली. तिथून पुढे लीलाबाईकडे. भिंतीपलीकडून आवाज येत होता, "येनार होता थो. लिवून ठेवलं हाय त्यानं."

२६ ऑगस्ट, रविवार

माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नाही. पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. तिथे एक जपानी भन्ते राहतात, आठवड्यातून दोनदा मुलांना जपानी शिकवतात. वय तिशीचं असेल. हिंदी मोडकं बोलतात. अनवाणी अंगण झाडत होते.

वही दाखवली. आपली अक्षरं त्यांना येत नाहीत, म्हणून ओळ मी वाचली. अडखळत वाचली. त्यांचा चेहरा खुलला. "हाँ, हाँ! पुस्तक का पाठ. ग्यारहवाँ. सब विद्यार्थी लिखते हैं."

मी विचारलं, सब?

"सब. मेरे लड़के भी."

मग मुलगा कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि हात जोडले. निघताना ते पाठाचं पुस्तक मागितलं. का मागितलं माहीत नाही. त्यांनी लगेच दिलं. पुढच्या रविवारी परत करतो म्हटलं.

गाडीत बसायला जागा होती, तरी दारात उभा राहिलो. अकरावा धडा! पोराने गृहपाठ केला होता, आणि मी त्याचं पत्र करून वाचत बसलो.

घरी आल्यावर पंचफुलाने विचारलं, "काय म्हनले भन्ते?"

अर्थ बरोबर आहे म्हणाले, असं सांगितलं. हे खोटं नाही.

२८ ऑगस्ट

पुस्तक उघडलं नाही.

३० ऑगस्ट

शकुबाई नळावर भेटल्या. "भाऊ, आयकून बरं वाटलं. मन तरी घरी होतं पोराचं." मी हो म्हटलं आणि बादली भरायच्या आधीच उचलली.

पंचफुला आता नीट जेवते. परवा तिने वही मागून घेतली. वाचता येत नाही, तरी त्या ओळीवरून बोट फिरवत होती. तिला काय सांगू? सांगायचं तरी का?

१ सप्टेंबर, शनिवार

पंचफुला बहिणीकडे तळेगावला गेली. भाचीचं बाळंतपण आहे. निघताना म्हणाली, "मंगळवारी येतो. वही जपून ठेवजा." एसटीत बसवून आलो.

२ सप्टेंबर, रविवार

दुपारच्या गाडीने पुस्तक परत करायचं होतं. द्यायच्या आधी अकरावा धडा पाहिला. ओळ आहे. रोमन अक्षरात, खाली इंग्रजी अर्थ.

राइनेन कुनी ए काएरु.

कुनी. उची नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवून पाहिलं. धडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, उची त्यात कुठेच नाही. डिक्शनरी काढली. या वेळी खालपर्यंत पाहिलं. कुनी — देश, मुलूख.

सगळे देश लिहितात. यानेच तो शब्द काढून घर लिहिलं.

तो निघाला त्या दिवशी मी घर म्हणालो होतो.

गाडी चुकली. पुस्तक पुढच्या रविवारी देईन. मागच्या पडवीत गेलो, बाज खाली घेतली. विणीत मिरचीचं बी अडकलं होतं, ते झटकलं. सुतळी सैल पडली होती. पायथ्याकडून ओढून घट्ट बांधली.