बाटलीवरची खाचांची पट्टी

पलूस, ३ फेब्रुवारी १९७५

दोन बोटं! ह्यांचं लिव्हर बरगडीखाली दोन बोटं उतरलंय. मिरजेच्या डॉक्टर शिरगुप्पेबाईंनी आज दाबून दाखवलं. पोरसवदा बाई, पण हात पक्का. पिणाऱ्यांच्या लिव्हरवर प्रबंध लिहितात. चाळीस फौजी घरं निवडलीत, आमचं सतरावं. "रोज किती घेता?" तर हे म्हणाले, "घोटभर." बाई हसल्या. "सुभेदारसाहेब, सोळा घरांत घोटभरच निघाली. घोटच मोठे असणार."

आत्ता सोडली तर लिव्हर मागे जातं म्हणाल्या. उशीर केला तर कडक होतं, मग इलाज नाही. खंडेराया, सांभाळ.

४ फेब्रुवारी

ह्यांनी देवापुढे बेल-भंडार उचलला. सुटली म्हणाले. साताऱ्याहून आणलेल्या कँटीनच्या रमच्या तीन बाटल्या मोरीत ओतायला निघाले, मीच अडवलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळायला होतील. टाकायच्या कशाला?

६ फेब्रुवारी

मला काम मिळालं. पुरुष खरं सांगत नाहीत, म्हणून बायकांनी नोंद ठेवायची. कंपाउंडर औषधाच्या बाटलीला खाचांची कागदी पट्टी चिकटवतो, तसली पट्टी बाईंनी दिली. सकाळी पूजा झाली की बाटलीला लावून बघायची, रम किती खाचा उतरली ते लिहायचं. मॅट्रिक झाल्याचं सार्थक.

९ फेब्रुवारी

अर्धी खाच. गुडघे असतील.

१५ फेब्रुवारी

आता रोज दीड खाच. "आत्या, गुडघ्याला किती लागती?" विचारलं सासूबाईंना. "टोपनभर गं." मग बाकीची? भंडार उचलून खोटं बोलले हे — देवाशी. ह्यांच्याशी बोलणं बंद केलं. भाकरी वाढते आणि तोंड वळवते.

२२ फेब्रुवारी

हे म्हणाले, "कोर्ट मार्शल कशाबद्दल, तेवढं तरी सांगा." सांगितलं नाही. पट्टी — दीड खाच.

१० मार्च

मिरजेला जाऊन आलो. बाईंनी पोट दाबलं, पुन्हा दाबलं. "अर्धं बोट. थेंबसुद्धा घेतलेली नाही ह्यांनी." मी वही पुढे केली — म्हटलं, दीड बाटली संपलीय. त्यांनी वहीतल्या खाचा मोजल्या. "पिणाऱ्याचं लिव्हर असं मागे जात नाही. घरात आणखी कोण आहे?"

घरात तिसरं माणूस एकच — सासूबाई.

एस.टी.त तीन आठवड्यांनी ह्यांच्याशी बोलले. माफी मागितली. हे म्हणाले, "ते राहू दे. आता आयला कसं पकडायचं?"

११ मार्च

पकडावं लागलंच नाही. सासूबाईंनी पाय पसरून कबूल केलं. "भायेरनं चोळून गुडघा आयकंना. म्हनून दोन सालं झाली, आतनं बी देतीया. टाकायच्या कशाला, ते तूच म्हनलीस नव्हं?" हसता हसता ह्यांना ठसका लागला. मीही हसले. पण चूक माझीच — भंडार उचललेल्या माणसावर संशय घेतला, आणि बाटल्या वाचवल्या. उरलेली दीड स्वतःच्या हाताने मोरीत ओतली. जीव कळवळला, पण ओतली.

१७ मार्च

सासूबाईंना मिरजेला नेलं. सव्वा बोट.

"आजी, सुभेदारांनी सोडली. तुम्हीही सोडा."

"त्येला बायकूचा धाक हाय. मला कुनाचा?"

तरी घरी येऊन भंडार उचलला त्यांनी. गुडघ्यांना आता तीळतेल.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आपले कागद पुन्हा चाळले. त्यांच्या कागदांत बाईमाणसाचा रकानाच नाही. बायकांना विचारावं हे सुचलंच नाही म्हणाल्या.

२ जून

बाईंचं कार्ड आलं. चाळीस घरं पुन्हा फिरल्या, ह्या वेळी बायकांना त्यांचंच विचारलं. नऊजणी पिणाऱ्या निघाल्या. त्यांतल्या चौघी नवऱ्याच्या बाटलीला रोज पट्टी लावणाऱ्या.