थोरलीची सीट

३ मार्च, मंगळवार

खांबाला घासली! आपल्याच फाटकाच्या खांबाला! थोरलीचं — माझ्या जुन्या गाडीचं — पुढचं मडगार्ड हातभर चेपलं, रंगाची सालपटं निघाली. इतकी वर्षं याच फाटकातून आत-बाहेर करतोय, कधी ओरखडा नाही. मी म्हटलं, खांबाचा पाया खचला असणार. ही म्हणाली, "हो, तुम्हाला भेटायला दोन पावलं पुढे आला असेल."

वर ही आपल्या धाकटीने — त्या टिचभर गाडीने — त्याच फाटकातून भुर्रकन निघूनही गेली. मला दाखवायलाच!

वर्कशॉपच्या मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, मडगार्ड काढायचंच आहे तर खालचा गंजही बघून घेऊ. म्हणजे महिनाभर तरी गाडी त्यांच्याकडे.

५ मार्च, गुरुवार

थोरलीला वर्कशॉपमध्ये सोडून आलो. जावईबापू आधीच हजर. मोबाइलवर चित्रं दाखवत होते. काळा, न चमकणारा रंग, रुंद टायर, गाडी अशी खाली आणलेली की मुंगीलाही वाकून जावं लागेल. "बाबा, उघडलीच आहे तर होऊन जाऊ दे. इंजिन नवं, एसी, मागे कॅमेरा. मागचं सगळं दिसेल तुम्हाला."

"मागचं मला दिसतं," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. मिस्त्री खाली बघून हसले.

मुलगा वाईट नाही. पण त्याचं म्हणजे आजीला जीन्स घालून मिरवायला नेण्यातलं. ज्यांना नवी गाडी हवी त्यांनी नवी घ्यावी. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. मुळाबरहुकूम! लेखकाने लिहिलं नाही ते घालायचं नाही, लिहिलंय ते गाळायचं नाही. गाडीलाही तोच न्याय. दुसऱ्याच्या मजकुरात आपली अक्कल पाजळणारे फार पाहिले.

८ मार्च, रविवार

मूळपुरुषाला घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. जुन्या गाड्यांच्या क्लबातला माझा सगळ्यात जुना दोस्त. त्याला सगळं मूळचंच लागतं म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल का, शंका आहे. खिशात भिंग. स्क्रूच्या डोक्यावरची खाच त्या काळची आहे की नंतरची, ते बघतो.

रंग ठरला — होता तोच, दुधावरच्या साईचा. सीटचं कापड — होतं तेच, मिळेपर्यंत शोधायचं. वायरिंग तेवढं नवं, कारण जुनं उंदरांनी खाल्लंय. त्यावरही तो तोंड कडू करून बसला. म्हटलं, उंदीर त्या काळचे होते, एवढं समाधान मान.

"या वेळी मेळाव्यात 'मूळ स्थिती' वर्गात हीच पहिली. लिहून ठेव!" म्हणाला. लिहून ठेवलं.

१२ मार्च, गुरुवार

हिने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणजे खांबाचा विषय पोटात ठेवून होती तर!

एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं. नजर मधल्या ठिपक्यावर. कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही लुकलुकलंच नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर बाई आपल्या शांत. मग मी मधूनमधून उगाचच दाबलं — वर्गात उत्तर येत नसताना सगळ्यांबरोबर हात वर करतात ना, तसं.

"गाडी चालवता?" बाईंनी विचारलं. म्हटलं, कधीतरी. ही छताकडे बघत होती.

१३ मार्च, शुक्रवार

ते यंत्र खोटं दाबलेलं वेगळं मोजतं! डॉक्टरीणबाईंनी कागदावर दाखवलं. या वयात कॉपी करताना पकडला गेलो.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं लख्ख दिसतं, मुंगीच्या पायाएवढं अक्षर अजून वाचतो मी. कडेचं गेलंय. पानावरचा मजकूर शाबूत आणि चारी बाजूंचे समास गायब. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या, आहे ते थेंब घालून टिकवायचं. आणि गाडी बंद.

"म्हणजे गर्दीत बंद ना?"

"बंद," त्या म्हणाल्या.

घरी येताना धाकटीत हिच्या शेजारी बसलो होतो. तो खांब मी पाहिलाच नव्हता. त्याच्या जागी कोणाचं पोर उभं असतं तर?

१४ मार्च, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१७ मार्च, मंगळवार

तरी वर्कशॉपमध्ये गेलो. काम थांबवायचं कशाला? गाडी मुळासारखी होईल, गॅरेजमध्ये उभी राहील, मेळाव्याला ट्रकवर घालून नेऊ. माणसं तसबिरी ठेवतातच की घरात. बघायला काय, मला समोरचं दिसतंच.

आज ही पण बरोबर आली. मी मिस्त्रींशी मडगार्डचं बोलत होतो, मागे वळलो तर ही थोरलीत — स्टिअरिंगपुढे! पाठ सीटला टेकलेली आणि पाय हवेत. क्लचपासून चांगली चार बोटं लांब. पुढे सरकून बसली तर पाय पोचतात, पण मग पाठीला आधार नाही. थोरली हिने कधी चालवली नाही ती याचसाठी. पाठीशी उशी घेऊन एकदा बघितलं होतं तिने — उशी ब्रेक दाबताना निसटते.

हिने मला काही विचारलं नाही. काच खाली करून थेट मिस्त्रींना — "ही सीट पुढे येत नाही का हो?"

"नाही बाई. या मॉडेलला सीट सरकतच नाही. चार बोल्ट, चार भोकं. पत्र्याला जाम."

"मग पुढे नवी भोकं पाडली तर?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मडगार्डकडे बघितलं.

१८ मार्च, बुधवार

सगळ्या वाटा तपासून झाल्या. सीटखाली रूळ बसवून ती सरकती केली तर? मिस्त्री म्हणतात, रुळांनी सीट वर येते, माझं डोकं छताला लागेल. जावई सुचवतो त्या नव्या सीटांचंही तेच. पेडलवर लाकडी ठोकळे? त्यावर तर मिस्त्री माझ्यावरच डाफरले — "ब्रेकवर ठोकळा? साहेब, शहाणे ना तुम्ही?"

राहिलं एकच. पुढची सीट बाकासारखी सलग आहे, ती अख्खी चार बोटं पुढे आणायची. मग ही आरामात बसेल, पण माझ्या लांब तंगड्या स्टिअरिंगखाली शिरायच्याच नाहीत. दोघांपैकी एकाचीच होईल गाडी.

म्हणजे मूळ ठेवली तर माझी. बदलली तर हिची. आणि माझी म्हणजे कोणाची? ज्याला चालवायची बंदी त्याची!

२१ मार्च, शनिवार

भांडण. चहाच्या कपापासून सुरू झालं आणि सीटवर येऊन थांबलं.

मी म्हटलं, माझ्यासाठी एवढा त्याग नको करूस. मला फिरवायला म्हणून त्या गाडीला भोकं पाडायची गरज नाही. धाकटी आहे, रिक्षा आहे, माझे पाय आहेत.

हिने कप खाली ठेवला. "तुमच्यासाठी कोण म्हणतंय? अहो, मला चालवायचीय! तुमचे डोळे चांगले असते तरी चालवायची होती. तुम्ही गिअर टाकता तेव्हा माझा हात आपोआप हलतो मांडीवर. कधी बघितलंत?"

नाही बघितलं. तेव्हा तर सगळं दिसत होतं मला.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गाडीला हात लावायचा नाही, जशी आहे तशी! त्यात माझे पाय कुठे बसवू?"

मला राग आला. मग रागाचं काय करावं कळेना, म्हणून फिरायला गेलो. कोपऱ्यावर एका सायकलवाल्याला धडकता धडकता वाचलो. तो कडेने आला होता.

२४ मार्च, मंगळवार

छापखान्यात एक नियम होता. मुळातच चूक दिसली तर? दुरुस्त करायची नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. पण थोरलीचा लेखक कुठे शोधू? कोणी एक उंच माणूस असणार. आपल्याच मापाने सीट ठोकून मोकळा झाला. जगात साडेपाच फुटांखालचं कोणी गाडी चालवेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. आणि मी त्यालाच मूळ म्हणून पुजत बसलोय. मापात बसणाऱ्याला मूळ फार सुंदर दिसतं.

मूळपुरुषाकडे गेलो. भोकांचं नाव काढताच त्याने भिंग खाली ठेवलं. "अरे, एक भोक म्हणजे पुढच्या शंभरांना आमंत्रण! आज सीट, उद्या एसी, परवा तुझा जावई येतो काळा डबा घेऊन. आणि हे कशासाठी?"

डोळ्यांचं सांगितलं. पहिल्यांदाच घराबाहेर कोणाला तरी. तो बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला, भिंग न लावता.

"मग मूळ वर्गात नाव देऊ नकोस," म्हणाला. "मेळाव्यात गाड्यांची फेरी निघते, तिच्यात या. वहिनींना म्हणावं, चढावर दुसरा गिअर लवकर टाका. ती तिथे कुरकुरते."

जाताना फाटकापर्यंत सोडायला आला. कधी येत नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

२७ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींना सांगितलं — पाडा.

ड्रिलचा आवाज दातात गेला. नवी भोकं चमकत होती, जुनी तेलकट, काळी. मिस्त्री म्हणाले, "जुनी तशीच ठेवतो, रबर लावून. काही वाटलं तर चार बोल्ट काढले की सीट पूर्वीच्या जागी. अर्ध्या तासाचं काम."

जीव भांड्यात पडला! मूळ काही कुठे जात नाही. हे तात्पुरतं आहे म्हणायचं.

रंग मात्र साईचाच. जावयाला काळ्याच्या बदल्यात हॉर्न दुरुस्त करून आणायचं काम दिलंय. खूश आहे.

४ एप्रिल, शनिवार

थोरली घरी आली. हिने आणली!

वर्कशॉपच्या दारात दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा असा झटका बसला की माझी टोपी मागच्या सीटवर. मग सुटली! चढावर दुसरा गिअर वेळेत टाकला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढताना मान अशी ताठ, जीभ दाताखाली. बायकोला असं बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही दोघं नेहमी रस्त्याकडेच बघत होतो.

सीट अख्खी पुढे आल्याने माझे गुडघे डॅशबोर्डवर. चार घड्या घालून ठेवलेल्या सतरंजीसारखा बसलो होतो. "त्रास होतोय का?" "छे!" खोटं. पण मजा आली, हे खरं.

फाटकाशी आल्यावर तिने खांबाला हात करून वाट मागितली. हसून हसून पोट दुखलं.

११ एप्रिल, शनिवार

हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

ही बहिणीकडे गेली होती, धाकटी घेऊन. दुपार रिकामी. गॅरेजमध्ये गेलो ते नुसतं पुसायला. मग पाना हातात आला. मग मागचे दोन बोल्ट काढलेही. म्हटलं, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत. या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. समोरचं दिसतंय की. अर्ध्या तासात सीट परत जागेवर, हिला कळणारही नाही.

हात ओळखीच्या कामाला लागले की मन शहाणपणाचं बोलतच नाही. तिसरा बोल्ट फिरवताना पाना घसरला आणि बोट सोलवटलं. तोंडात बोट घालून बसलो असताना डोकं ठिकाणावर आलं. गल्लीत कुत्रं नसतं हे मला कसं माहीत? कडेला असेल तर मला दिसणारच नाही.

बोल्ट परत आवळले. मग धीर होईना, पुन्हा आवळले. ज्या सीटवर हिला बसायचंय तिचे बोल्ट मी सैल केले होते.

आज वाचलो. पण ही पुन्हा बहिणीकडे जाणारच, आणि पाना जागेवरच आहे. मी मला ओळखतो.

१३ एप्रिल, सोमवार

हिला म्हटलं, तेल बघून घेऊ, वर्कशॉपला चल. तिने चालवली. तिला चहाला बसवलं आणि मिस्त्रींना बाजूला घेतलं. जुनी चारही भोकं वेल्डिंग करून बुजवायला सांगितली. ते ऐकेनात. "साहेब, मूळची भोकं आहेत ती! बुजवली तर सीट पुन्हा कधी मागे जायची नाही."

म्हटलं, "म्हणूनच."