मागच्या सीटवरचा माणूस

मिस्त्री,

आता मी विमान चालवतो. हसू नका. खरं नव्हे, घरातल्या कॉम्प्युटरवरचं. टेबलावर एक दांडा, डाव्या हाताशी थ्रॉटल, समोर पडदा, आणि बसायला खुर्ची, आपल्या वर्कशॉपातल्या स्टुलापेक्षा जरा बरी. खेळाबरोबर जी विमानं आली ती सगळी प्रवासी, गुळगुळीत, एस.टी.च्या ड्रायव्हरनं डुलक्या घेत न्यावीत अशी. माझं मन रमेना. मग शाहूपुरीतला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अण्णा, ह्यात येगळं विमान बसवता येतंय. ॲड-ऑन म्हनत्यात. तिकडं परदेशात एकेक माणूस दोन-दोन वर्सं खपून एकच विमान बनवतोय बघा." एकटा माणूस, एकच यंत्र, दोन वर्षं. मला तुम्ही आठवलात, आणि मी ते घेऊन आलो.

जेट ट्रेनर आहे. हवाई दलात नव्या वैमानिकांना ज्यावर शिकवतात तसलं. दोनच सीटा, एकामागं एक. पुढं शिकणारा, मागं शिकवणारा. बनवणाऱ्यानं एकही बटण खोटं ठेवलेलं नाही. आधी बॅटरी, मग इंधनाचा पंप, मग स्टार्टर. काटा दहावर येतो, पंधरावर येतो, आत इंधन पेट घेतं आणि धुराड्याचं तापमान चढायला लागतं. घाई केली तर इंजिन जळतं. पहिल्याच दिवशी मी जाळलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मर्दा, चूल पेटवतोयस काय?" त्याचा आवाज आपल्या डिझेलसारखा ठोके देणारा नाही. एकच सूर वर वर चढत जातो, कुणीतरी लांबून हाक मारत जवळ यावं तसा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. असल्या जुन्या जेटला रेस दिली तर लगेच येत नाही. आपलं इंजिन कसं, हात लावला की भुंकलंच. इथं थ्रॉटल पुढं ढकला, पाच-सहा सेकंद काही म्हणजे काही होत नाही. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा धावपट्टीच्या अलीकडं आपटलो. चूक केल्यावर लगेच काही झालं नाही, म्हणजे चूक झालीच नाही, असं मी धरून चालायचो. ही माझी सवय जुनी आहे.

उजळाईवाडीच्या, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळाच्या, धावपट्टीवरून उठतो. पण धावपट्टी सोडली तर ह्या खेळात आपलं कोल्हापूर नाही. रंकाळा नाही, देऊळ नाही, आपल्या शेडींचं उद्यमनगर तर नाहीच. गावाच्या जागी नुसती हिरवट-तपकिरी चादर पसरलेली. नद्या मात्र बरोबर आहेत. डावीकडं पंचगंगा धरली की सहा-सात मिनिटांत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. निळ्या दोन रेघा, त्यांची एक होते. दर वेळी ठरवतो, आज दुसरीकडं जायचं, पन्हाळ्याकडं जायचं, आणि नाक आपोआप तिकडंच वळतं. का, ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तोंडानं मी हे कधी बोललेलो नाही.

तुमच्या कानाचं नाव होतं. आसपासच्या कुठल्याही शेडमध्ये इंजिन बांधून झालं की ते तुमच्या टेस्टबेडवर यायचं, आणि तुम्ही 'पास' म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक ते उचलायचं नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या पोटाला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. चारचौघं गप्प उभे. समोर मी, डिझेलच्या टाकीवर हात ठेवून. लोकांना वाटायचं, हा टाकी सांभाळतोय. तुमचे डोळे पुरते मिटलेले नसायचे, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. माझा पंजा सपाट, म्हणजे इंजिन चांगलं. करंगळी उचलली, म्हणजे व्हॉल्व्ह. अंगठा आत दुमडला, म्हणजे बेअरिंग. उभा जन्म इंजिनांजवळ काढून तुमचे कान गेलेले होते. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, आणि कामाला लागून महिना झाला नसेल, बाहेर चहाच्या गाड्यावर उभा राहून मी आतल्या इंजिनाचं बेअरिंग ओळखलं होतं. तुम्ही मला भट्टीमागं नेलंत. "कुनाला बोलायचं न्हाय. नुसता हात दावायचा." तेव्हापासून तुमचा कान म्हणून मी पगारावर होतो.

आणि मग ते नृसिंहवाडीकडचे दोघं भाऊ आले, नदीवर पंपाला लावायचं इंजिन न्यायला. थोरला गमत्या होता. इंजिन चालू असताना माझी मान कलली असावी, ती त्यानं बघितली. "मिस्त्री, ह्यो गडी बी ऐकतोय काय वो?" तुम्ही मोठ्यांदा हसलात. "ह्यो? कान हायती सुपाएवढं, पर आत नुसता वारा! टाकीवर हात ठेवायला ठेवलाय त्याला." सगळी शेड हसली. मीही हसलो. हसता हसता ऐकत होतो. त्या धडधडाटाखाली, दर फेऱ्याला, बंद डब्यात शेंगदाणा हलावा तसा एक आवाज होता. बेअरिंग. माझा पंजा टाकीवर सपाट पडलेला होता. मी तो सपाटच राहू दिला.

"पास!" तुम्ही ओरडलात.

माझा अंदाज साधा होता. आठ दिवसांत इंजिन ठोकायला लागेल, परत येईल, चार लोक म्हणतील मिस्त्रीचा कान एकदा चुकला, आणि पुढच्या वेळी तुम्ही चारचौघांत मला हसणार नाही. एवढंच हवं होतं. नवव्या दिवशी कनेक्टिंग रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. धाकटा भाऊ शेजारी वाकून पंपात पाणी ओतत होता. त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

थोरला आला तेव्हा शिव्या देईल असं वाटलं होतं. शेडच्या दारात उभा राहिला आणि हळू म्हणाला, "मिस्त्री, तुमी पास म्हनला व्हता की." तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. "व्हय. माझा कान चुकला." एकदाही माझ्याकडं बोट केलं नाहीत. त्यानंतर तुमच्या टेस्टबेडवर इंजिन आलं नाही. मी उघड कान लावायला लागलो तशी ती सगळी माझ्याकडं यायला लागली, आधी भाड्याच्या शेडमध्ये, आणि आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, जिथं माझं नाव दारावर आहे. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस म्हणून मला बोलवून शाल-नारळ देतात. मी घेतो. त्या अपघातानंतर दोनच वर्षांत तुम्ही गेलात, तेव्हा खांदाही मीच दिला.

आता विमानाकडं येतो, कारण खरी गोष्ट त्यानं मला सांगितली. त्या ॲड-ऑनमध्ये 'बिघाड' असा एक चौकोन आहे. त्यात खूण केली की इंजिन कधीही जाऊ शकतं. पण बनवणारा प्रामाणिक. इंजिन जाण्याआधी थोडा वेळ त्यानं एक बारीक शिट्टी ठेवली आहे. ती ऐकायची, थ्रॉटल मागं घ्यायचा, उंची राखून परत फिरायचं. मी ती खूण मुद्दाम केली. कानाचा माणूस मी, मला काय भीती! थोरली लेक त्या वेळी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मागं कॉटवर पुस्तक घेऊन बसलेली. संगमाच्या वर आलो आणि ती म्हणाली, "पप्पा, शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"अहो, वाजतेय की! इंजिन जाणार तुमचं!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग लाल दिवा लागला, सूर खाली खाली उतरत गेला, आणि वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. निळ्या दोन रेघा वर येत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती उठून माझ्या शेजारी उभी राहिली, आणि पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघायला लागली. शिट्टीच्या आवाजाची फाइल तिनं वेगळी काढून लावली. "आता?" न्हाय. आवाज वाढवला. "आता?" न्हाय. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "अहो, कुकर विसरलाय काय गॅसवर?" आम्ही तिघंही हसलो. लेक सगळ्यात आधी थांबली.

डॉक्टरांनी कानाला डबडी लावून कागदावर रेघ काढली. डावीकडून सुरू झाली आणि उजवीकडं उतरतच गेली, धावपट्टीच्या अलीकडं आपटणाऱ्या माझ्या विमानासारखी. वरच्या पट्टीतलं गेलंय म्हणाले, आणि परत येणार नाही. ह्याला आता वर्ष होत आलं. मी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. आजही गिऱ्हाईक म्हणतं, "मालक, तुम्ही स्वतः कान लावा," आणि मी तुमचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनाला लावतो, डोळे मिटतो. एकदा असाच उभा होतो, हाडाला नुसता थरथराट लागत होता, काही कळत नव्हतं. डोळे किलकिले केले तर समोर माझा फोरमन, टाकीवर हात ठेवून. पंजा सपाट. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. मी 'पास' म्हणालो.

हा फोरमन सीमेकडचा, घरी कानडी बोलणारा, बारा वर्षं माझ्याकडं आहे. हाताबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्याच्या हातावर मी वर्षभर इंजिनं पास करतोय. गेल्या आठवड्यात बाहेरची पावणं मंडळी इंजिन घ्यायला आली होती. त्यांतल्या एकानं इंजिनाबद्दल काही त्यालाच विचारलं, आणि मी, माझी जीभ झडो, म्हणालो, "ह्याला काय इचारताय? ह्याला कानडीत सांगितल्याबिगर इंजिन कळत न्हाय!" सगळे हसले. तोही हसला. मिस्त्री, ते हसणं मी ओळखतो. तसं हसताना आत काय चाललेलं असतं, ते मला आतून माहीत आहे.

काल त्या पावण्यांचंच इंजिन टेस्टबेडवर होतं. मी मूठ कानाला लावली. त्याचा पंजा सपाट. फार सपाट. मी मूठ काढली आणि म्हणालो, "ऱ्हाऊ दे. परवा बघू."

"का वो अण्णा? चांगलं हाय की," तो म्हणाला. आणि हात टाकीवरून उचलला नाही.

आज कारखान्याला सुट्टी. सकाळपासून तीनदा संगमावर जाऊन आलो. ह्या विमानाला बाहेरून बघायची एक सोय आहे. काचेखाली दोन हेल्मेटं दिसतात. पुढचा मी, आणि मागं एकजण, काळी काच ओढलेला, तोंड नसलेला. त्याला काढून टाकता येत नाही. लेकीला विचारलं होतं, तर म्हणाली, "तो शिकवणारा आहे, पप्पा. तो बोलत नाही." वळण घेतलं की दोघांची डोकी एकदमच वळतात. तिकडून त्याला पुढच्याच्या डोक्याची मागची बाजू तेवढी दिसत असणार. आणि थ्रॉटलवरचा हात.

हात म्हटल्यावर आज ते आठवलं. थोरला भाऊ गेल्यावर शेडमध्ये आपण दोघंच होतो. तुम्ही स्टुलावर, मी सवयीनं टाकीजवळ, थंड टाकीवर हात ठेवून. तुम्ही विचारलंत, "तू ऐकलं व्हतंस काय?" मी म्हणालो, "न्हाय मिस्त्री. शप्पत." कान गेलेला माणूस बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघतो. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. तुम्ही टाकीकडं बघत होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुम्हाला माझ्याकडं बघवत नव्हतं. पण माझा अंगठा आत दुमडलेला होता, बेअरिंगची खूण. कधी दुमडला, मला कळलंही नव्हतं. तुम्ही उठलात, चिंध्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसलात आणि माझ्या हातात दिलात. "घे. आता तुझा." ती भेट आहे असं मी समजत होतो.

उद्या इंजिन उघडायला लावणार आहे. लोक म्हणतील, मालक पक्का. बेअरिंग चांगलं निघालं, तर मी एका सरळ माणसावर संशय घेतला असं होईल, आणि ते त्याला कळेल. खराब निघालं, तर मागच्या वर्षभरात पास झालेली सगळी इंजिनं कुठल्या कुठल्या नदीवर, कुणाच्या गुडघ्याशेजारी चालू आहेत, ते मला शोधत फिरावं लागेल. उघडण्याआधी त्याला चारचौघांत एकच वाक्य सांगितलं पाहिजे, हे मला कळतं. तुम्हालाही तेव्हा कळत होतं. आपल्या दोघांनाही ते कधी जमलं नाही.

हा कागद त्या लाकडी मुठीभोवती गुंडाळून ठेवतोय. ते वाक्य उद्या तोंडातून निघेल की नाही, सांगता येत नाही, म्हणून निदान इथं लिहून बघतो. मला ऐकू येत नाही, मिस्त्री.