ओबुलेसूच्या हाताची शिवण

नान्ना,

कडप्याच्या तुरुंगात नेताना तुम्ही पोलिसांच्या जीपमधून आपल्या लेकीला, मला, ओरडून सांगितलंत, "तल्ली, डॉक्टर हो! मग आपल्या माणसांचे टाके घरातच पडतील, ठाण्यात कळवायची भानगड नको." सगळे हसले. मीही हसले.

महिन्याभरात पलीकडच्या गटानं आपल्या गटातल्या ओबुलेसूला ओढ्यात गाठलं. कोयत्याच्या घावानं दंड उघडा पडला होता, आत हाड दिसत होतं. मला बकऱ्याच्या कातड्यावर टाके शिकवणारे मस्तान कंपाउंडर त्या पलीकडच्या गटातल्याच एका जखमीला पट्टी करायला गेले होते. मग मी एकटीनं बावीस टाके घातले. ओबुलेसू दात आवळून म्हणाला, "अम्मा, हात तेवढा वाचवा."

हात वाचला. काल भर बाजारात त्याच हातानं त्यानं मस्तानकाकांना तोडलं. "शत्रूला पट्टी बांधतोस?" म्हणत आधी बोटं छाटली, मग गळ्यावर वार केला. मी धावले, दोन्ही तळवे गळ्यावर दाबून बसले. रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं आणि मग यायचंच थांबलं. ओबुलेसू दंड दाखवत मला म्हणाला, "बघा अम्मा, तुमची शिवण जरासुद्धा उसवली नाही."

मेडिकलचा अर्ज फाडायला घेतला होता. नाही फाडला. रात्रभर हात धुतले आणि सकाळी भरला.

पण हे पत्र तुम्हाला धाडत नाही, ठाण्यात नेऊन देते आहे. जखमेबद्दल डॉक्टरनं पोलिसांना द्यायचा कागद असतो ना, तो माझा हा पहिला.

जिला तुम्ही तल्ली म्हणायचात ती,
प्रसूना