काविळीत पेरू चालतो का

२६ नोव्हेंबर
पेरू बागायतदारांचा ग्रुप. मी अ‍ॅडमिन, कॉलेजात शिकवणं संपलं, शिस्त लावायची खोड गेली नाही. आज थोरल्या बहिणीचा, अक्काचा, मेसेज. बाग आहे म्हणून ग्रुपवर, एरवी फक्त वाचते. "काविळीत पेरू चालतो का?" तिच्या घोडेगावात गिऱ्हाइकाने विचारलं असेल. उत्तर दिलं नाही.

२७ नोव्हेंबर
उत्तर द्यायला इतर होते. नामदेव: "चालतंय की. पन आदी माळ घाला. आमचा मामा देतो, रुपाया घेत न्हाई." मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवायची; ती लांबत गळ्यात उतरते, तसतशी कावीळ उतरते. पैसे घेत नाही, म्हणजे औषध खरं. हा तर्क आमच्याकडे पदवीधरही करतात.
मेडिकलवाला सुनील: "दोऱ्याच्या गाठी सैल व्हत्यात, नामदेवभाऊ. कावीळ कशाला उतरंल?"
"तुज्या गोळ्या खपंनात म्हनून जळतो व्हय?"

२८ नोव्हेंबर
अजून तेच. नामदेवला जोडलेले हात, सुनीलला अंगठे. फळमाशीचं एकाने विचारलं, ते वाहून गेलं. ज्यांना स्वतःच्या बागेतली कीड ओळखता येत नाही ते यकृतावर बोलतात. सुनीलचाही वीट. बरोबर असलेल्या माणसाने इतकं ओरडू नये. त्याचं शेवटचं: "भांडन बास. कोनत्या काविळीत लगेच दवाखाना गाठायचा, ते नीट लिहितो. थांबा."
थांबलो नाही. ग्रुप बंद, आता फक्त अ‍ॅडमिन लिहिणार. वर सूचना टाकली: "हा पेरूचा ग्रुप आहे. वैद्यकी इतरत्र."
वाक्य बरं जमलं.

३० नोव्हेंबर, रवि.
शांतता. फक्त भाव, तेही मीच टाकलेले. अक्काला फोन. आवाज बारीक. "पहाटंच बाहेर गेल्ते रे, दमले." कुठे, ते विचारलं नाही.

३ डिसेंबर
अक्काच्या सुनेचा फोन. "मामा, आत्याबाई दोन दिस जेवल्या न्हाईत. डोळं हळदीवानी झाल्यात."
घोडेगाव. अक्का भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत. मागे सारला. माळ. कानांवर येऊन अडकलेली.
"मला का नाही विचारलंस?"
"तू हसला असता."
हसलो असतो.

४ डिसेंबर
नगर. दवाखान्यात दाखल. रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्याकडे बघून: "शिकलेली माणसं तुम्ही. इतका उशीर?"
नंतर अक्का, डोळे मिटून:
"त्यो सुनील लिवनार हुता. कंच्या काविळीत दवाखाना, ते. दोन दिस मोबाईल उशाशी घिऊन वाट पाह्यली."
"हं."
"मंग नामदेवाचा फोन आला. त्यो पहाटं घरी आला गाडी घिऊन. तू तर समद्यांला गप केल्तं."

सूचना काढून टाकली. वाक्य आठवतं आहे.

५ डिसेंबर
सकाळी ग्रुप सगळ्यांना लिहायला खुला केला. पहिला नामदेव: "अक्का कशी हाय? माळ काढू नका." मूर्ख. पण विचारलं त्यानेच.
सुनीलला लिहिलं: ते पुढचं टाक. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
रिपोर्ट संध्याकाळी पाचला मिळणार. नर्सने काढलेली माळ अक्काने उशीखाली सरकवली आहे, मला दिसेल अशी. चार वाजलेत.