चालक नसलेल्या गाडीला नमस्कार

ल्योन, शुक्रवार, जेवणानंतर

चि. मार्सेलाँ यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चिरंजीव लिहिलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. पण तुझं रुसून बसायचं वय सरत नाही तोवर मी चिरंजीवच लिहिणार.) कंबर कशी आहे? लोकरीचा पट्टा बांधतोस ना, की तो पुन्हा शेळीच्या गळ्यात बांधलास? काळ्या शेळीनं पाद्रीबाबांच्या वाफ्यात पुन्हा तोंड घातलं नसेल अशी आशा करते. घातलं असेल तर माफी माग आणि वर थोडं चीज दे, म्हणजे या वर्षी तरी त्यांचं प्रवचन तुझ्या शेळ्यांवर येणार नाही.

मी खुशाल आहे. पत्राच्या डोक्यावर ल्योन वाचून तू चष्मा पुसला असशील, तर पुसू नकोस, बरोबर वाचलंस. वाल्सच्या झऱ्यांवर गुडघे शेकायला जाते असं तुला सांगून मी निघाले ती थेट तुझ्या मुलाकडे आले. खरं सांगितलं असतं तर तू मला अडवलं नसतंस, हेही मला ठाऊक आहे. तू नुसता उठून शेळ्यांकडे गेला असतास. बास्तियाँनं मेट्रोतली नोकरी धरली त्या नाताळला तू असाच उठला होतास. 'ज्या गाडीत नमस्कार करायला माणूस नाही ती गाडी नव्हे, लिफ्ट आहे. आणि माझा मुलगा लिफ्ट चालवणार!' असं म्हणून काटा ताटात टाकलास आणि भरलेल्या कोंबडीला हात न लावता बाहेर गेलास. (ती कोंबडी मी पहाटेपासून करत होते. त्याबद्दल मी अजून काही बोललेले नाही, पण विसरलेलेही नाही.) त्यानंतर अपोलीन जन्मली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि आजोबा म्हणजे भिंतीवरच्या फोटोत बसच्या पायरीवर उभा असलेला माणूस, एवढंच त्या पोरीला माहीत आहे. म्हणून म्हटलं, आपणच जावं.

आता प्रवासाचं सांगते, कारण मला तो फार आवडला आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवणार नाही. प्रिव्हाहून सकाळची बस घेतली. तुझीच बस, म्हणजे तू जन्मभर बस चालवलीस तोच रस्ता. बस नवी आहे, खिडक्या मोठ्या, आणि पायरी इतकी खाली येते की आपण चढलो हे गुडघ्याला कळतसुद्धा नाही. चालवायला माएलिस नावाची मुलगी आहे. दोन्ही कानांत मिळून इतक्या बाळ्या की आधी मी नाक मुरडलं. पण चढणाऱ्या प्रत्येकानं तिला नमस्कार केला, तिनं प्रत्येकाला नावानं उलट केला, वळणावर गाडी अशी घेतली की माझ्या मांडीवरची पिशवी हललीदेखील नाही, आणि औषधांच्या दुकानापाशी मिनिटभर थांबून कुणाची तरी पुडी खिडकीतून घेतली. मी म्हटलं, पोरी, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, 'आजी, या रस्त्यावर मार्सेलाँ म्हणून एक होते. पुडी घेतली नाही तर गावातल्या बायका अजून त्यांचं नाव काढून मला टोमणे मारतात.' मी तुझी बहीण आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं माझ्याजवळ तुझ्या तक्रारी केल्या असत्या, आणि मला व्हालाँसची गाडी गाठायची होती.

व्हालाँसला आगगाडी वेळेवर आली. (हो, आली. तू म्हणशील तो अपवाद होता. असू दे, माझ्या वाट्याला अपवाद आला.) रोन नदीच्या काठाकाठानं जाताना शेजारच्या बाईनं मला अर्धं सफरचंद दिलं आणि तिच्या जावयाची संपूर्ण हकीकत दिली, सफरचंद बरं होतं. ल्योनला उतरल्यावर ट्राम पकडली. मार्सेलाँ, ती ट्राम तू पाहायला हवीस. जमीन आणि तिचं दार एकाच पातळीवर, बाबागाडीवाल्या बाया, काठीवाले म्हातारे, सगळे घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जावं तसे आत जातात. तिकीट यंत्राला दाखवायचं, ते टुणकन वाजतं. मी त्यालाही नमस्कार केला. (टुणकन हेच त्याचं उत्तर असावं असं समजून घेतलं.) चालकीणबाई काचेपलीकडे होती, मी काचेवर टकटक केली, ती दचकली, पण हात केला तिनं. एक शाळकरी पोरगी उठून म्हणाली, 'बसा ना आजी.' मी म्हटलं, मी अजून उभी राहू शकते. ती म्हणाली, 'तुम्ही राहू शकता हो, पण तुमची पिशवी माझ्या नाकाशी येते.' तेव्हा बसले.

पिशवीत काय होतं ते पुढे येईलच.

मग भुयारात उतरून ती मेट्रो. तीच, बिनचालकाची. डब्यात शिरून सवयीनं सगळ्यांना मिळून मोठ्यानं नमस्कार केला, तर एका बाईनं आपली पर्स जवळ ओढली, बाकीचे फोनमध्येच होते. गाडी निघाली ती काय सुरेख निघाली! धक्का नाही, कुरकुर नाही, पुढच्याला शिव्या नाहीत. तू भाऊ आहेस हे बाजूला ठेवून सांगते, अशी सुरुवात तुझ्या बसनं एकदाही केली नाही. पण मला चैन पडेना. चढताना चालकाला नमस्कार न केलेला प्रवास म्हणजे हात न धुता जेवायला बसल्यासारखं. चालक नाही हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं. जुन्या ल्योनच्या स्टेशनात दार उघडलं तशी मी उतरले आणि फलाटावरून लगालगा पुढच्या टोकाला गेले. तिथे अगदी पहिल्या काचेमागे एक टोपीवाले आजोबा बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी टोपी उचलून परत केला. आणि दार लागलं, गाडी निघाली. क्षणभर मला खरंच वाटलं की हेच चालवतात, आणि चांगलं चालवतात. मग लक्षात आलं की माझी पिशवी मधल्या डब्यात, बाकावर बसून पुढे गेली.

फलाटावर मदतीसाठी एक बटण असतं. ते दाबलं. आतून आवाज आला, 'नमस्कार, बोला.' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, 'नमस्कार साहेब, आधी एक सांगा, तुम्ही माणूस आहात की यंत्र?' तो म्हणाला, 'बायको म्हणते त्यावरून खात्री नाही, पण पगार माणसाचा मिळतो. काय झालं बाई?' मग मी सगळं सांगितलं: पिशवीचं, त्यातल्या चीजचं, ते चीज करणाऱ्या शेळ्यांचं, शेळ्यांच्या मालकाचं, आणि त्याच्या मते ही तुमची गाडी म्हणजे लिफ्ट आहे याचंही. (माझ्या मागे रांग लागली होती, पण रांगेलाही पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.)  मग आतून हळूच आवाज आला, 'ओदिल आत्या?'

मार्सेलाँ, मी त्या भिंतीला मिठी मारायचीच बाकी होती.

'आत्या, निळ्या चौकड्यांची पिशवी तुझी का गं? अगं, पुढच्या स्टेशनात लोकांनी गाडी रिकामी केली. बेवारस पिशवी, वर असला वास! माझी अख्खी लाईन थांबली आहे, साहेब डोक्यावर उभे आहेत.'

'वास कुणाला म्हणतोस मेल्या? तुझ्या बापाच्या हातचं पिकोदों चीज आहे ते!'

 मग म्हणाला, 'बाबांनी पाठवलं?'

आता तुझ्या तळघरातल्या वरच्या फळीचं सांगते. तिथली पिकोदों कमी झाली आहेत. शेजारच्या मांजराला मारू नकोस, ते निर्दोष आहे. ती मी न विचारता उचलली. पण तुझ्या मुलानं ज्या आवाजात विचारलं ना, त्या आवाजाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, हो. बाबांनीच पाठवलंय, स्वतः निवडून, पानात गुंडाळून.

लाईन सुरू झाली. माझ्या पिशवीपाठोपाठ मीही पोचले, तिथे एक रखवालदार ती हात लांब करून धरून उभा होता. ('बाई, या वासाला आमचं तपासणीचं कुत्रं भुंकलं नाही, रडलं,' असं म्हणाला. ल्योनचे लोक तोंडाचे फटकळ, पण वाईट नाहीत.) संध्याकाळी बास्तियाँ घरी आला, बूटसुद्धा न काढता त्यानं एक पिकोदों फोडलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. फॅनीनं खिडक्या उघडल्या, पण हसत उघडल्या. चांगली सून आहे. खिडकी आपटत नाही.

काल त्यानं मला त्याच्या कामाबद्दल सांगितलं. एका खोलीत भिंतभर पडदे, आणि हा समोर बसून सगळी स्टेशनं पाहत असतो. मला फलाटावरून धावताना, टोपीवाल्याला नमस्कार करताना त्यानं पाहिलं होतं. म्हणाला, 'तोंड दिसत नव्हतं आत्या, पण म्हटलं ही बाई आपल्याच डोंगरातली.' मी विचारलं, दिवसभर काय बघतोस रे तिथे? तर म्हणे एखादी म्हातारी जिन्यावर धापा टाकत उतरताना दिसली, की तो गाडीचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवतो. मी म्हटलं, चालतं का असं? 'विचारलं तर सांगतो, दारात कुणाचा तरी कोट अडकला होता.' हे वाक्य मी यापूर्वी ऐकलं आहे, मार्सेलाँ. तू म्हाताऱ्या बाझिलबाईसाठी बस थांबवायचास आणि आगारात उशिराचं हेच कारण सांगायचास. मला तिथल्या तिथे रडू आलं. कांद्याचं सूप होतं, म्हणून निभावलं.

तेव्हा त्या गाडीत नमस्कार करायला माणूस आहे. फक्त जरा लांब बसतो.

पाद्रीबाबांना, माएलिसला आणि काळीला माझी आठवण सांग. पट्टा बांध.

तुझी थोरली बहीण,
ओदिल

ता. क. माझं परतीचं तिकीट मंगळवारचं आहे, आणि मंगळवारी इथे संप आहे. मेट्रो बंद, ट्राम बंद. संपात पुढे कोण, तर तुझे चिरंजीव. फलाटांवर माणसं वाढवा अशी त्यांची मागणी आहे, आणि त्यानं स्वयंपाकघरात बसून जे भाषण पाठ केलं त्यात हात हलवायची तऱ्हा हुबेहूब तुझी. म्हणजे बघ, बिनचालकाची गाडी तुझा मुलगा घरी बसला की हलत नाही. आता म्हण लिफ्ट. तर मंगळवारी मोटार घेऊन मला न्यायला ये. दुपारी जेवायलाच ये. कोंबडी मीच करणार आहे, भरलेली.

ता. क. दुसरं: लांबच्या आगगाड्या मंगळवारी धावणार आहेत, आणि फॅनीचे शेजारी मला स्टेशनापर्यंत सोडायला तयार आहेत, हे तुला दुसरीकडून कळेलच, म्हणून मीच सांगते. पण माझा गुडघा दुखतो आहे. आत्ता, हे लिहितानाच दुखायला लागला.

ता. क. शेवटचं: दारात शिरल्याशिरल्या बास्तियाँ चीजबद्दल तुझे आभार मानेल. तू शेळ्यांची शपथ घेऊन बसू नकोस. फक्त विचार, 'आवडलं का रे?'