बत्तिसाव्या पानापर्यंत

गुरुजी, तुम्हाला शेवटचं कार्ड टाकून सतरा वर्षं झाली आणि तुम्ही जाऊन सोळा. मधलं एक वर्ष तुम्ही होतात आणि मी लिहीत नव्हतो. त्याकडे पुढे येतो. तुमचा नियम असा, की पाठशाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने दर ऋतूला एक पोस्टकार्ड टाकायचं. काय शिकलात, काय वाचलंत, काय पाहिलं-ऐकलंत, कुठे जाऊन आलात. ऋतू सहा, म्हणून कार्डं सहा. रत्नागिरीत पाऊस आणि उकाडा असे दोनच ऋतू असतात, तेव्हा दोन कार्डांत भागवावं, असं मी एकदा लिहिलं होतं. कार्ड परत आलं. समासात लाल शाईने लिहिलेलं, "डोळे उघडे ठेवल्यास आणखी चार सापडतील." तुम्ही ती कार्डं स्वयंपाकघरात बसून तपासायचात. शाईची दौत कलंडू नये म्हणून नारळाच्या करवंटीत बसवलेली, पलीकडे चुलीवर काकूंची पेज रटरटतेय, आणि तुम्ही कुणातरी चाळिशीच्या माणसाच्या कार्डावर लाल रेघ ओढताय.

तर शरद चालू आहे. कापणी उरकली. माझी शाळेतली नोकरी शाबूत आहे, संस्कृतची शाश्वती नाही. मुलं संस्कृत घेतात, कारण त्यात मार्क पडतात. भाषेशी त्यांचं भांडण नाही आणि ओळखही नाही. सहामाहीत एका उत्तरात सगळ्या वर्गाने एकच ओळ गाळली. मला वाटलं, कॉपी. तसं नव्हतं. गाइड छापणाऱ्याने ती ओळ गाळली होती आणि मुलांनी गाइड निष्ठेने पाठ केलं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पाठांतर तरी चोख आहे. मी तसं म्हणायला गेलो आणि गाळलेली ओळ फळ्यावर लिहून मोकळा झालो. पाहिलं-ऐकलं या सदरात एक व्याख्यान. रविवारी सकाळी नऊला ठेवलेलं. आता गावात घरोघरी टीव्ही आलाय आणि रविवारी सकाळी त्यावर मालिका असते, हे आयोजकांच्या ध्यानात आलं नाही. वक्ते, मी, आणि सभागृहाची किल्ली सांभाळणारा गृहस्थ, एवढी सभा. किल्लीवाला दारातूनच मला म्हणाला, "मास्तर, साडेनवाला आटपेल ना?" वक्त्यांनी ऐकलं, आणि खरोखरच आटपलं.

प्रवास हातखंब्यापर्यंत. निघालो होतो कोल्हापूरला, संस्कृत शिक्षकांच्या उजळणी वर्गाला. हातखंब्याला गाडीने मान टाकली. कंडक्टर उतरून इंजिनाकडे जाऊन आला आणि म्हणाला, "ही आता हलत नाय. दुसरी येईल तेव्हा येईल. तिकिटा जपून ठेवा." तिकीट जपून ठेवून मी तीन तास टपरीच्या बाकड्यावर बसलो, तीन चहा प्यायलो आणि उजळणी न होताच घरी आलो. पण तिथेच ती भेटली, आणि या पत्राचं मूळ ती आहे.

ती म्हणजे आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी. मिरजोळ्याला राहते, वडील तिथल्याच एका कारखान्यात टर्नर आहेत. आता कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि संस्कृत घेतलेली वर्गात एकटीच. लांज्याला मावशीकडे जाऊन आली होती, रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत होती. मला बघून शेजारी बसली. म्हणाली, "सर, बाबा म्हणतात पुढच्या वर्षी संस्कृत सोड. कारखान्याच्या ऑफिसात पुढेमागे जागा निघेल, अर्थशास्त्र घे, टायपिंग शीक." मी विचारलं, "आणि तू काय म्हणतेस?" "मला ठरवता येत नाही. तुम्ही वर्गात सांगायचात ना, तुमच्या गुरुजींनी दिलेला टीकाग्रंथ? कॉलेजच्या लायब्ररीत तो नाही. दिवाळीच्या सुट्टीत वाचून बघते. सगळा नाही कळला तरी चालेल, पण रमले तर बाबांशी भांडेन. नाही रमले तर त्यांचं ऐकते."

गुरुजी, मी तिला काय सांगितलं असेल? म्हणालो, "अगं, त्याला वाळवी लागली." ती गाडी येते का ते बघू लागली. मला वाटलं, सुटलो. मग म्हणाली, "उरलं असेल तेवढं द्या ना सर. मी जपून वाचेन." तेवढ्यात तिची गाडी आली. पायरीवरून वळून म्हणाली, "रविवारी येते."

घरी आल्यावर हे सगळं बायकोला सांगितलं, वाळवीसकट. ती घावन उलटत होती. म्हणाली, "दर मे महिन्यात सगळी पुस्तकं उन्हात घालते मी. वाळवी पुस्तकाला लागलीय की तुम्हाला, अहो?" माझं लक्ष तिच्या हातात जे होतं त्याच्याकडे गेलं होतं.

आता त्या वर्षाकडे येतो. मला नोकरी लागली तेव्हा तो ग्रंथ तुम्ही मला दिलात. तुमची स्वतःची प्रत वापरून वापरून दोऱ्याने बांधावी लागायची, माझ्यासाठी मात्र तुम्ही कोरी मागवलीत. जुनी बांधणी, पानं कडेने जोडलेलीच. वाचणाऱ्याने एकेक फर्मा, म्हणजे सोळा पानांची जुडी, कापत पुढे जायचं. मी पट्टीने दोन फर्मे कापले, बत्तीस पानं. मग शाळा, शिकवण्या, लग्न. पुढच्या कार्डात मी लिहिलं, "ग्रंथ संपूर्ण वाचला. अत्यंत उद्बोधक." त्या गणपतीत तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. पानं मांडायला अवकाश होता, म्हणून कपाटाशी उभे आहात. तो ग्रंथ काढता, कडेवरून अंगठा फिरवता, परत ठेवता. मी मोदकांचं ताट घेऊन दारात उभा आहे. तुम्ही वळून पावसाबद्दल बोलता, जेवताना बायकोला म्हणता, "सूनबाई, आमटी झकास झालीय," आणि छत्री घेऊन निघून जाता. आठ दिवसांनी माणसाबरोबर पुडकं आलं. आत पानं कापायची शिसवी सुरी, आणि माझंच कार्ड परत. "संपूर्ण" या शब्दाखाली लाल रेघ. खाली तीन शब्द, "सोबत साधन पाठवले."

मला राग आला. ओरडला असतात तर बरं झालं असतं. एवढ्या सभ्यपणे उघडं पाडलेल्या माणसाला परत लिहायचं तोंड राहत नाही. मी ठरवलं, ग्रंथ वाचून काढीन आणि मगच लिहीन. ग्रंथ वाचला नाही, म्हणून लिहिलं नाही. पुढच्या वर्षी शिशिरात तुम्ही गेलात. तेराव्याला काकू म्हणाल्या, "तुझं नाव नाही काढलं त्यांनी. पण पोस्टमन आला की उठून बसायचे." ती सुरी बायकोने पुढे घावन उलटायला घेतली. चपटी, गुळगुळीत, सोयीची. टोक जळून काळं झालंय. मी कधी हरकत घेतली नाही; कुठल्या तोंडाने घेणार? आणि वीस-एक वर्षं मी वर्गात त्या ग्रंथातले दाखले देत आलो. मुलांना वाटतं, सर किती खोल. पाणी बत्तीस पानांपर्यंतच आहे. सगळा राग गाइडवाल्यांवर काढायचा आणि आपण स्वतः बत्तीस पानांचं गाइड होऊन बसायचं, ही विद्या मी कुणापाशी शिकलो नाही, ती माझी स्वतःची.

आज शनिवार, शाळा सकाळची. दुपारी सुरी मागून घेतली, बायकोने न विचारता धुऊन दिली. बेत सरळ होता, सगळे फर्मे भराभर कापायचे, म्हणजे उद्या पोरीच्या हाती वाचलेल्यासारखा ग्रंथ जाईल. तिसरा फर्मा कापला. कागदातून अजून कोऱ्या छपाईचा वास येतोय आणि सुरीला घावनाचा. चौतिसाव्या पानावर सहज नजर गेली, वाचायला बसलो. तिसऱ्या वाक्याचा अर्थ लागेना. पुन्हा वाचलं. अन्वय लावला, मोडला, दुसरा लावला. चहा येऊन निवला. अठ्ठेचाळीस पानांपर्यंत पोचेस्तोवर ऊन ओसरीवरून उतरलं, आणि ते वाक्य तसंच राहिलं. पुढचे फर्मे मी कापलेले नाहीत. ते तिचे. सुरीही बरोबर देणार आहे. घावनासाठी बायको उलथणं काढते म्हणाली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. ग्रंथातच ठेवून दिलं असतं, पण ग्रंथ आता मिरजोळ्याला चाललाय, तेव्हा ते राहील माझ्याकडेच, त्या लाल रेघेच्या कार्डाला जोडून. कार्डावरचं "संपूर्ण" मघाशी खोडलं आणि शेजारी लिहिलं: वाचन, पृष्ठ अठ्ठेचाळीस, पैकी एक वाक्य लागले नाही. चार-आठ दिवसांत पोरगी नेमकं तेच वाक्य घेऊन येईल, तशी हुशार आहे. तेव्हा तिला सांगणार आहे, की मला ते येत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून हेच कितीदा सांगता आलं असतं. तेव्हा मी मान डोलवायचो.